ग्राफिक्स कार्डाचा टेंपरेचर चार्ट

माझी आई चौतीस वर्षं परळच्या एका मोठ्या इस्पितळात सिस्टर होती. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने तिने घरातल्या सगळ्यांचा रक्तदाब रोज दोनदा मोजला. घरात आम्ही दोघीच, तेव्हा सगळे म्हणजे मी. तिसऱ्या महिन्यात तिला खराखुरा पेशंट मिळाला आणि माझा दंड सुटला. तो पेशंट म्हणजे माझं ग्राफिक्स कार्ड.

मी नाटकांचं नेपथ्य करते. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली खिळे ठोकले, खोट्या खिडक्यांना खरे पडदे लावले, आणि मग एका म्हाताऱ्या निर्मात्याने पहिल्यांदाच मला माझा स्वतःचा सेट दाखवायला सांगितलं. "रविवारी अकराला घरी येतो. त्या कंप्युटरवर काय ते दाखवा. पटलं तर काम तुमचं." नाही पटलं तर पुन्हा हातोडी, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला ऐकू आलं.

सेट फिरता होता. पहिल्या अंकात दादरचा दोन खोल्यांचा ब्लॉक, दुसऱ्यात त्याच भिंती गर्रकन फिरून गिरगावातलं लग्नाचं कार्यालय. मी तो कंप्युटरवर असा उभा केला होता की बघणाऱ्याला वाटावं, आपण पहिल्या रांगेत बसलोय. अडचण एवढीच, की भिंती फिरायला लागल्या की चित्र अडखळायचं. ब्लॉक पाव फिरायचा, उचकी लागायची, आणि एकदम बोहल्यावर नवरा-नवरी. मधला सगळा चमत्कार गायब. कार्ड पाच वर्षांचं होतं आणि नवं परवडणार नव्हतं.

बुधवारी मी लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला फोन लावला. मशीन त्यानेच जोडून दिलं होतं.

"मॅडम, ओव्हरक्लॉक करा ना," तो म्हणाला. "कंपनीने जो स्पीड बांधून दिलाय, त्याच्यापेक्षा थोडं जास्त पळवायचं. फुकट सॉफ्टवेअर आहे. एक पट्टी सरकवायची, बस."

"जळणार नाही ना?"

"जळत नाय सहसा, लटकतं. पण हावरटपणा नाय करायचा. एका वेळी पंचवीस वाढवा. मग वीस मिनिटं टेस्ट चालवा. टेंपरेचर ऐंशीच्या खाली पायजे. व्होल्टेजला हात लावू नका. आणि स्क्रीनवर रंगीत ठिपके दिसले, की गुपचूप मागे या."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे आई मेथी निवडत होती. 'एका वेळी पंचवीस' ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"म्हणजे डोस वाढवायचा," ती म्हणाली. "आणि ठिपके म्हणजे पुरळ. औषध अंगावर उठलं. तू बाजूला हो."

मी कपाळाला हात लावला. आईला एकदा ड्यूटी लागली की ती घरातल्या कोणाचीही मुलगी, बहीण, आई नसते. ती वॉर्डाची असते.

तिने आधी पेशंट तपासला. काहीही न वाढवता टेस्ट चालवली तर कार्ड चौऱ्याऐंशीवर गेलं. दुकानदाराला पुन्हा फोन. त्याने विचारलं, "कॅबिनेटच्या वर काय ठेवलंय काय?" मी वर बघितलं. कॅबिनेटवर, म्हणजे कंप्युटरच्या डब्यावर, आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर होतं, चारी बाजूंनी झालर असलेलं. आमच्याकडे मिक्सरला कव्हर आहे, फ्रिजच्या मुठीला आहे, टीव्हीच्या रिमोटला आहे, तेव्हा कंप्युटरला नसतं तर तो परका वाटला असता. गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवर पाच वर्षं गोधडी पांघरून माझं कार्ड बिचारं काम करत होतं.

"तूच आजारी पाडलंस त्याला," मी म्हणाले.

"तापात पांघरूण काढणं हा पहिला उपाय," आई म्हणाली आणि कव्हर काढून घडी घातली. कव्हर घातलं कोणी, हा विषय तिथेच मिटला. मग तिने जुन्या टूथब्रशने पंख्यांवरची धूळ काढली. धूळ इतकी निघाली की तिने ती कागदावर जमवून मला दाखवली. ओल्या फडक्याने अंग पुसून घेण्याचा तिचा बेत मी हातापाया पडून रद्द केला. त्याऐवजी कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढला आणि समोर टेबलफॅन लावला. टेंपरेचर पंच्याहत्तरवर आलं.

गुरुवारी सकाळी चार्ट आला. आखीव कागद, वर लिहिलेलं: 'खोली नंबर दोन. पेशंट: कार्ड. वय: ५.' खाली रकाने: वेळ, डोस, टेंपरेचर, पुरळ, पंख्याचा आवाज, सही. पंचवीस वाढवले, वीस मिनिटं टेस्ट, दर पाच मिनिटांनी नोंद. टेस्टमध्ये पडद्यावर एक केसाळ गोळा गोल गोल फिरतो. आई खुर्ची ओढून त्या गोळ्यासमोर बसायची आणि चष्मा लावून त्याच्यावर कुठे ठिपका उठतोय का ते पाहायची. मधून मधून कॅबिनेटवर हात ठेवायची. माझ्या बारावीच्या काविळीत तिने माझ्याकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं, हे मी तिला बोलून दाखवलं. "तू खात होतीस," ती म्हणाली.

नोंदीबद्दल मात्र ती चेष्टा खपवून घेत नसे. चौतीस वर्षांत तिच्या चार्टात एकही रकाना रिकामा राहिला नव्हता. कोणाचं काही चुकलं तर ती रागवायची आणि विसरायची. रिकामा रकाना विसरायची नाही. "चूक लिहिली तर दुरुस्त करता येते," ती सांगायची. "लिहिलीच नाही तर पुढच्या ड्यूटीवाल्याने काय करायचं?"

आता हा चार्ट तिने अडकवला कुठे, तर गॅलरीकडच्या खिडकीच्या गजाला. पलंगाच्या पायाशी अडकवतात तसा, पण तोंड बाहेर. दुपारी शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे काढायला आल्या आणि चष्म्याशिवाय त्यांनी त्यातले मोठे आकडेच तेवढे वाचले. पहिलीच नोंद होती चौऱ्याऐंशी. पुढे पंच्याहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर. काकूंच्या घरातला थर्मामीटर शंभराच्या आसपास बोलतो.

"गो बाय," काकू खिडकीतून कुजबुजल्या, "आवशीक सांभाळ हां. चौऱ्याऐंशी म्हणजे अंग थंड पडत चाललां."

पेशंट माझी आई नाही, हे मी सांगायच्या आत त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे तीन शहाळी, एक पातेलं तांदळाची पेज आणि तळमजल्यावरचे एक आजोबा आले. आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, गावाला कोणाला कळवायचंय का? तेवढ्यात आतून आई आली, चांगली धडधाकट, पदर खोचलेला, आणि म्हणाली, "आता बरं आहे. भेटायची वेळ पाच ते सात." शहाळी आईने प्यायली. दिलेलं परत करू नये, असं ती म्हणते.

शुक्रवारी अकरा वाजता आम्ही सव्वाशेवर पोचलो. अठ्ठ्याहत्तर डिग्री, ठिपका नाही, पंखा ठीक. मी माझा सेट चालवला. भिंती फिरल्या, अगदी सरळ, फक्त शेवटी शेवटी एक बारीकशी उचकी, डोळ्यात तेल घालून पाहिली तर दिसेल अशी.

"आणखी पंचवीस," मी म्हणाले.

"नको. पेशंट बरा झालाय. बऱ्या झालेल्याला कोणी डोस वाढवतं का?" तिने 'आहे तोच डोस चालू ठेवावा' असं लिहिलं, शनिवारच्या तपासणीच्या वेळा खाली मांडून ठेवल्या आणि सही केली.

मला ती उचकी छळत होती. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते काम एका उचकीवरून जाणार, असं मला शनिवारी दिवसभर वाटत राहिलं. चार वाजता आई मासे आणायला लालबागला गेली. तिची चप्पल जिन्यात वाजायची थांबली आणि मी पट्टी सरकवली. दीडशे. काही नाही. पावणेदोनशे. काही नाही. टेस्ट वीसऐवजी दहाच मिनिटं चालवली, कारण आईला बाजारात किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. भिंती अशा फिरल्या की मी एकटीने टाळ्या वाजवल्या. मग सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन होता, 'मशीन सुरू होताना हेच लावा' अशा अर्थाचा. त्यात टिचकी मारली. चार्टात काही लिहिलं नाही. आई बांगडे घेऊन आली आणि मी इतकी गोड वागले की तिने माझा रक्तदाब घेतला.

रविवारी निर्माते अकराला पाच मिनिटं असतानाच आले. जिने चढून घामाघूम झाले होते. घरात एकच टेबलफॅन, आणि तो कॅबिनेटकडे तोंड करून. पाहुणा घामात आणि वारा मशीनला, हे मला बघवेना. मी फॅन त्यांच्याकडे वळवला. आईने कोकमाचं सरबत आणलं. मी मशीन सुरू केलं.

पहिला अंक छान गेला. निर्मात्यांनी ब्लॉक पाहिला, खुंटीवरची पिशवी पाहिली, "हं" म्हणाले. मी भिंती फिरवायची कळ दाबली. आणि दादरच्या त्या भिंतीवर एक हिरवा ठिपका उमटला. मग एक जांभळा. मग साऱ्या भिंतीला, सोफ्याला, खुंटीवरच्या पिशवीला ठिपकेच ठिपके.

"हा रंग मुद्दाम?" निर्माते म्हणाले.

पडदा काळा झाला.

मला खरं सांगायचं तर रडू आलं. काकू म्हणाल्या होत्या तसं अंग थंड पडत चाललं, फक्त माझं. आई पुढे आली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बटण दाबून मशीन बंद केलं, फॅन पुन्हा पेशंटकडे वळवला आणि निर्मात्यांच्या हातात वारा घ्यायला कॅलेंडरचा पुठ्ठा दिला. "पाच मिनिटं विश्रांती," ती म्हणाली. निर्माते पुठ्ठ्याने वारा घेत बसले. कोणी एवढ्या अधिकाराने सांगितलं की माणूस बसतो.

पाच मिनिटांनी तिने खिडकीतून चार्ट काढला. "मशीन चालू कर. पट्टी शून्यावर आण. आता सव्वाशे. शुक्रवार, अकरा वाजता, अठ्ठ्याहत्तर, पुरळ नाही." मी तेवढंच केलं. तो चौकोनही पुसला. माझं डोकं चालत नव्हतं, पण चालण्याची गरजही नव्हती, सगळं कागदावर होतं.

भिंती फिरू लागल्या. अर्ध्यावर आल्या आणि निर्माते म्हणाले, "थांबवा."

मी थांबवलं. एका बाजूला अर्धा ब्लॉक, दुसऱ्या बाजूला अर्धं कार्यालय, मधे उभी भिंतीची कड. निर्माते खुर्ची पुढे ओढून बघत बसले. पुठ्ठा हलायचा थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चांगली वीस मिनिटं ते त्या एका जागच्या चित्राकडे बघत होते. ज्या चित्राला काडीचाही वेग लागत नव्हता.

"तिसरा अंक इथेच करू," ते शेवटी म्हणाले. "अर्धवट फिरलेला. दोन्ही जागा एकदम दिसतात. दार मात्र सहा इंच रुंद करा, शालू नेसून बाई अडकेल. काम तुमचं."

शेवटच्या उचकीपर्यंत ते पोचलेच नाहीत. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

उठताना त्यांनी चार्ट मागितला. वरपासून खालपर्यंत वाचला. "सिस्टर, इतकी नोंद आमच्या हिशोबनीसालाही जमत नाही," ते म्हणाले. मग त्यांचं बोट थांबलं. "शनिवारी दुपारी चारचं काही नाही."

आईने चार्टाकडे पाहिलं, तो रिकामा रकाना तिने केव्हाच पाहिला असणार.

"ती माझी चूक," ती म्हणाली. "मी बाजारात गेले होते. राहून गेलं."

चौतीस वर्षांत जे एकदाही झालं नव्हतं, ते तिने परक्या माणसासमोर स्वतःच्या नावावर घेतलं, आणि आवाजही हलला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निर्माते मान डोलवून जिना उतरले.

दार लावून मी ओरडा खायला तयार उभी राहिले. आईने चार्ट टेबलावर ठेवला आणि युनिफॉर्मच्या खिशातलं पेन शोधावं तसा हात छातीपाशी नेला. गाऊनला खिसा नव्हता. मग माझंच पेन माझ्या हातात दिलं.

"लिही."

मी लिहिलं: 'शनि. ४.००. डोस १७५. दहा मिनिटं. टेंपरेचर पाहिलं नाही. कोणाला विचारलं नाही.' पुढे सही केली. तिने चष्मा लावून वाचलं, माझ्या सहीखाली तिची सही केली, आणि चार्ट खिडकीला पुन्हा अडकवला, या वेळी तोंड आत.

"आता तुझी ड्यूटी," ती म्हणाली आणि दुपारची झोपायला गेली.