गंधकखाऊ जंतू आणि माझं नाक

आधी जंतूंना खाऊपिऊ घालून मगच स्वतः चहा घेणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो अमरावतीत नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. कॉलेजात रसायनाचा डेमॉन्स्ट्रेटर. त्याचं म्हणणं असं, की रॉकेलात गंधक असतं, कंदिलाचा घाण वास त्याचाच. आणि मातीत असे जंतू आहेत, जे तेवढं गंधक खातात नि तेल तसंच ठेवतात. ते सापडले की घरोघरच्या बायांचे डोळे चुरचुरायचे थांबतील. म्हणून हा गृहस्थ रिद्धपूरच्या तळ्यातला गाळ, मोटारस्टँडवरची तेलकट माती रुमालात बांधून आणी, रॉकेलच्या बाटलीत घाली आणि बाटलीला गोधडी पांघरी. तिवशाच्या सासुरवाडीहून दिवाळसण आटोपून निघताना त्याने उकिरड्यातलं खत मागून आणलं होतं.

महिन्याने त्या तेलाचा दिवा लावून वास घ्यायचा. प्रयोगशाळेत वर्षं काढून त्याचं स्वतःचं नाक निकामी झालेलं, म्हणून परीक्षक मी. माझंही नाक तपकिरीने केव्हाच बंद पडलं होतं. पण आयुष्यात प्रथमच कोणी मला तज्ज्ञ म्हणत होतं, तेव्हा ते सांगायचं काही जमलं नाही. मी डोळे मिटून हुंगी, जरा थांबे आणि त्या दिवशीच्या चहाप्रमाणे निकाल देई. सोळा बाटल्या मी नापास केल्या. त्याने त्या मुकाट्याने मोरीत ओतल्या. सतराव्या वेळी चहाबरोबर भजी होती.

ती बाटली घेऊन तो नागपूरला मोठ्या प्राध्यापकांकडे गेला. दिवा लावताच सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले म्हणे. परतला तो थेट माझ्याकडे. मी तपकिरीची डबी पुढे ठेवून सगळं कबूल केलं. तो निदान एक शिवी देईल अशी माझी आशा होती.

"म्हणजे," तो म्हणाला, "त्या सोळातली एखादी पास असन."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला भयंकर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्याने नव्या बाटलीला पहिला नंबर लावला. आता दुसऱ्या कोणाचं तरी नाक बघ, असं मी म्हटलं.

"काहून? एकदा कबूल झालेला माणूस पुन्हा खोटं नाही बोलत. तू तपकीर सोड. मी थांबतो."

पुढे त्याची अकोल्याला बदली झाली. पत्रात जंतूंची खुशाली आणि शेवटी एकच प्रश्न असे, वास येऊन राहिला का? "येईल आता," असं लिहून मी पाकीट चिकटवी आणि चिमूटभर ओढी. त्याची पत्रं कायमची थांबली, त्यानंतर तपकीर सुटली. आता मला पलीकडच्या घरातल्या स्टोव्हचासुद्धा वास येतो. पण कळवायचं कोणाला?