साडीगार्डवाली स्ट्रीटफायटर

घरात खिळा ठोकायचा असला तरी शिवदास वाघचौरे आधी ड्रॉइंग काढायचा. समोरून, बाजूने आणि वरून. विक्रोळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूममध्ये साचे बनवण्यात काढल्यावर एवढी खोड लागायचीच. मुलीच्या, म्हणजे चेतनाच्या लग्नात त्याने पंगतीचंही ड्रॉइंग काढून आचाऱ्याच्या हातात दिलं होतं. आचाऱ्याने त्यावर भजी निथळत ठेवली आणि पंगत जशी बसायची तशी बसली. शिवदासने तो तेलकट कागद घरी आणून फायलीला लावला.

तर असा हा माणूस. वय सत्तावन्न, पोट बऱ्यापैकी, आणि बुडाखाली लालभडक स्पोर्ट बाइक.

यात सगळाच दोष त्याचा नव्हता. तीस वर्षांची स्कूटर डिसेंबरात कायमची बसली आणि त्याच आठवड्यात भाचा अनिरुद्ध नोकरीसाठी जर्मनीला निघाला. "मामा, गाडी पडून सडेल, तुम्हीच वापरा," म्हणून चावी हातावर ठेवून गेला. गाडी दीडशे सीसीची, पण तोरा मोठ्या गाडीचा. अंगभर प्लास्टिकचं चकचकीत कव्हर, हँडल इतकं खाली की चालवणाऱ्याने टाकीवर पालथं पडावं, आणि मागची सीट थेट माळ्यावर. शिवदास बसला की आधी त्याचं पोट टाकीवर टेकायचं, मग उरलेला शिवदास.

खरी पंचाईत शकूची झाली. शकू म्हणजे त्याची बायको, घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स. एकतीस वर्षांच्या संसारात या दोघांनी जे काही बोलायचं ते स्कूटरवर बोलून घेतलं होतं. घरात टीव्ही, कुकर, शेजारी आणि शकूच्या उलटसुलट ड्युट्या. पण रविवारी संध्याकाळी स्कूटर कन्नमवार नगरातून हायवेला लागली की मागून शकू सुरू व्हायची, पुढून शिवदास. चेतनाचं कॉलेज कांजूरमार्गच्या सिग्नलला ठरलं होतं. जावई भांडुपला पसंत पडला. लग्नानंतर चेतना मुलुंडला राहायला गेली, तेव्हा शिवदासला मनातून बरंच वाटलं, कारण रस्ता तोच राहिला.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी शकू या नव्या गाडीवर चढली. चढली म्हणजे वॉचमनची खुर्ची आणून तिला चढवली. पुढे प्रत्येक ब्रेकला ती वरून घसरून शिवदासच्या पाठीवर आदळायची आणि दोघांची हेल्मेटं टक्कन वाजायची. कांजूरमार्गपर्यंत असं सतरा वेळा वाजलं. तिथे ती उतरली आणि रिक्षात बसली. शिवदास मुलुंडपर्यंत रिक्षाच्या मागे मागे गेला, तर रिक्षावाल्याने दोनदा वळून "ओळखीचा आहे का, मॅडम?" म्हणून विचारलं.

"त्या गाडीचं नाव काढू नका माझ्यासमोर," शकू घरी आल्यावर म्हणाली.

त्याने काढलं नाही. पण त्यानंतर रविवारी ती रिक्षाने आणि तो गाडीने, असं सुरू झालं, आणि आठवड्याचं बोलणं बंद पडलं. भांडण नव्हतं. "मीठ कमी आहे का?" "बरोबर आहे." इतपत चालायचं. शिवदासच्या पोटात मात्र गोष्टी साठत गेल्या. बोलायची जागाच गेली तर माणसाने बोलायचं कुठे? ऑगस्ट येईतो त्याला अगदी एकटं एकटं वाटायला लागलं.

उपाय विकीने सुचवला. टागोर नगरच्या कोपऱ्यावर विकीचं गॅरेज होतं आणि शिवदास तिथे चेनला तेल घालायला गेला होता.

"काका, स्ट्रीटफायटर करून टाकू," विकी म्हणाला. "हे सगळं प्लास्टिक उतरवायचं, इंजिन उघडं, हँडल उंच आणि रुंद, पुढे छोटा रागीट हेडलाइट. मागची सीट कापून टाकायची, एकदम झकास! ताठ बसून चालवा, काय पोझिशन येते माहितीये?"

"मागची सीट कापायची नाही," शिवदास म्हणाला. "मागच्या सीटसाठीच तर करायचंय. आधी ड्रॉइंग काढू."

ड्रॉइंगला मापं लागतात, आणि मापं शकूची. शकू सिरियल बघत असताना शिवदास टेप घेऊन तिच्या गुडघ्याशी बसला.

"काय चाललंय?"

"कपाट करायचंय."

"माझ्या गुडघ्याचं?"

तरी कंबर ते गुडघा आणि गुडघा ते टाच ही मापं मिळाली. वजन विचारायची त्याची छाती झाली नाही. ते त्याने अंदाजाने बहात्तर धरलं.

पाच शनिवार गॅरेजमध्ये काम चाललं. कव्हर उतरलं तेव्हा गाडी इतकी हडकुळी निघाली की सोसायटीच्या वॉचमनने "कुठे धडकलात, साहेब?" विचारून नारळपाणी आणलं. हँडल वर आलं. मागची फ्रेम कापून चार इंच खाली घेतली, सीट रुंद केली, धरायला दांडी आली, एका बाजूला दोन्ही पाय टेकतील एवढी पट्टी आली. विकीने सगळं सहन केलं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर नको, मागचं बोलणं ऐकू यायला हवं, हेही त्याने गिळलं. पण शेवटच्या शनिवारी शिवदासने पिशवीतून स्वतः वाकवलेली जाळी काढली, तेव्हा विकी मटकन स्टुलावर बसला.

"साडीगार्ड? स्ट्रीटफायटरला? काका, माझ्या गॅरेजची इज्जत आहे हो. कुणी विचारलं तर सांगू नका इथे केली म्हणून."

"तुझी काकू साडी नेसते."

"मग वाट लागली," विकी म्हणाला आणि पाना हातात घेतला.

आता टूलरूमचा माणूस चाचणीशिवाय माल बाहेर सोडत नाही. आणि शकूला एकदा बसवून पुन्हा कांजूरमार्गला उतरवायची त्याची हिंमत नव्हती. म्हणून त्याने शकूचा नमुना केला. शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली वाळूची पोती, वर जुनी गादी, प्लायवूडचे पाय, मापाला बरोबर. बोहारणीला द्यायच्या गठ्ठ्यातली शकूची पोपटी साडी विकीच्या बहिणीने, सपनाने, हसत हसत त्याला नेसवली, कारण पदर चाकात जातो का तेच तर बघायचं होतं. वर गादीच्या गुंडाळीवर हेल्मेट. बहात्तर किलो भरलं. पुढच्या शनिवारी सकाळी नमुना एका अंगाने बसवून दोरीने बांधला आणि शिवदास निघाला.

गाडी लोण्यासारखी चालली. ब्रेक मारला, मागून काही आदळलं नाही. पदर जाळीच्या बाहेर राहिला. पाठ ताठ, पोट मोकळं. हायवेला लागल्यावर शिवदासला इतकं बरं वाटलं की त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ऐक ना, शकू..."

आणि मग तो थांबलाच नाही. आठ महिने साठलेलं तो वाळूच्या पोत्याला सांगत भांडुपपर्यंत गेला आणि सांगतच परत आला. दुपारी जेवून त्याने दुसरी चाचणी काढली, खरं तर तिची काही गरज नव्हती.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या सुनंदा दामले सकाळी बसस्टॉपवर उभ्या होत्या. त्यांनी हे पाहिलं. शकू ड्युटीवरून अडीचला आली तेव्हा त्यांनी तिला गेटातच गाठलं.

"शकूताई, मला बोलायचं नव्हतं, पण बोलते. वाघचौऱ्यांच्या मागे बाई होती. पोपटी साडी. अशी टेकून बसली होती ना!"

"असेल कुणी कारखान्यातली. सोडलं असेल," शकू म्हणाली.

"अहो, पण तो तिच्याशी बोलत होता. सारखा! सिग्नल सुटला तरी याचं आपलं चालूच."

शकूने पुढचं ऐकलं नाही. बाई असल्याचं तिला एवढं लागलं नाही. बोलत होता, हे लागलं. ती वर गेलीच नाही. सोसायटीच्या बाकावर, युनिफॉर्ममध्ये, मांडीवर पर्स घेऊन बसून राहिली. चार वाजेपर्यंत तिच्या आजूबाजूला सुनंदासकट सात बायका जमल्या आणि दोन्ही बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या.

साडेचारला शिवदास आत वळला. दुसऱ्या चाचणीच्या नादात नमुना सोडवायचं राहून गेलं होतं. मान मागे वळवून तो काहीतरी सांगत होता, आणि समोर पाहतो तर शकू. त्याने दोन्ही ब्रेक एकदम दाबले. गाडी जागच्या जागी थांबली, शकूही जागेवर राहिली, म्हणजे वाळूची. फक्त तिचं डोकं निघालं आणि गडगडत सुनंदाबाईंच्या पायाशी गेलं.

सुनंदाबाईंची किंकाळी पार मच्छी मार्केटपर्यंत गेली म्हणतात.

शकू उठली. तिने हेल्मेटविना बसलेल्या बाईकडे पाहिलं, पदर हातात धरून पाहिला.

"ही माझी साडी."

"हो."

"आणि ही कोण?"

"तूच," शिवदास म्हणाला आणि खिशातून ड्रॉइंग काढून पुढे केलं. समोरून, बाजूने आणि वरून. तिन्हीकडे खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: शकू, नमुना, बहात्तर किलो.

गॅलऱ्या कठड्यावरून पुढे वाकल्या. शकूने कागद नीट वाचला.

"चौसष्ट," ती म्हणाली. "रोज दहा जणांची वजनं करते मी. चौसष्ट आहे माझं."

"बदलतो," शिवदास घाईघाईने पेन शोधायला लागला.

"राहू दे ते. काय बोलत होतात हिच्याशी?"

शिवदासने खिशातला हात बाहेर काढला. मग म्हणाला, "तुला सांगायचं होतं तेच."

"मग ही ऐकणार आणि मी रिक्षात बसणार?" शकूचा आवाज एकदम चढला आणि मध्येच फाटला. "गाडी उंच होती म्हणून उतरले नव्हते मी. पडले असते एकदा, काय झालं असतं? तुम्ही पुढे पालथे पडायचात टाकीवर. मी बोलत होते, बोलत होते, आणि माझ्यासमोर नुसती तुमची पाठ. त्या दिवशी विक्रोळीपासून कांजूरपर्यंत बोलले. एक शब्द ऐकू आला तुम्हाला?"

शिवदासने नाही म्हणून मान हलवली. हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये आलं नव्हतं.

शकूने दोरी सोडली आणि बहात्तर किलोची शकू ढकलून दिली. ती बाकापाशी पडली आणि तिच्यातून वाळू सांडायला लागली. सुनंदाबाईंनी हेल्मेट दोन बोटांत धरून पुढे केलं. शकूने ते घातलं, पट्टीवर पाय ठेवला आणि खुर्चीबिर्ची न मागता बसली.

"उद्या जायचंय ना मुलुंडला?" शिवदासने विचारलं.

"आता चला. आणि सुरुवातीपासून सांगा. तिला सांगितलं तसं नको, नीट सांगा."

हायवेवर शिवदासने जानेवारीपासून सुरुवात केली. आता ताठ बसल्यामुळे त्याला मागचं ऐकू येत होतं, आणि शकू प्रत्येक गोष्टीत तोंड घालत होती, त्यामुळे काम फार हळू चाललं. भांडुप आलं तेव्हा कुठे फेब्रुवारी लागला. तिथे शिवदास जरा अडखळला.

"टूलरूम बंद होतेय," तो म्हणाला. "मशिनं गुजरातला चाललीत. मला रिटायर होईपर्यंत स्टोअरमध्ये टेबलावर बसवणार. तिथे काही काम नाही."

"हे फेब्रुवारीत कळलं तुम्हाला?"

"हो."

"आणि सात महिने एकटेच घेऊन बसलात?"

मागून तिचा हात येऊन त्याच्या खांद्यावर बसला, चांगला वजनदार. चेतनाच्या घराचं वळण आलं, तेव्हा मार्चसुद्धा लागला नव्हता. शिवदासने आरशात शकूकडे पाहिलं.

"सरळ घ्या," शकू म्हणाली. शिवदासने गाडी ठाण्याकडे सरळ घेतली.