टाकीवरचा नंबर

गेट रंगवताना थिनरचा वास आला आणि गावाकडचं, गोरेगावचं आमचं अंगण आठवलं. माझ्या धाकट्या भावाने, सुनीलने, मोटारसायकल शर्यतीतल्या आवडत्या रेसरचा नंबर स्वतःच्या गाडीच्या टाकीवर रंगवला होता. आमचे वडील, आबा, त्यावरून वर्षभर कुरकुरत होते.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत तो रेसर पडला, विजेतेपद गेलं. "पूस आता नंबर!" मित्रांनी चिडवलं. त्याच आठवड्यात सुनील पोलीस भरतीतूनही बाद झाला होता. धड जेवत नव्हता. तो थिनर घेऊन बसला, तशी आबांनी चिंधी हिसकावली.

"काहून पुसून राहिला? हारला म्हणून आपला न्हाई का तो?"

"आबा, तुमी कधीपासून रेस पाहून राहिले?" मी हसले.

आबा कोणाबद्दल बोलले, ते मला फार उशिरा कळलं. सुनीलला तेव्हाच कळलं. त्याने हात धुतले आणि तो आईला म्हणाला, "वाढ."