तयार मुलांचा बाक

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हा शाळा सुटल्यावर ती जिथे जायची, त्या जागेला पाळणाघर म्हटलेलं तिथल्या मॅडमना खपत नसे. "पाळणाघर नाही हो, क्लब! आफ्टर-स्कूल क्लब," असं त्या हसून, पण दर वेळी न चुकता सुधारायच्या. दहिसरला आमच्या मागच्याच इमारतीत तळमजल्यावरचे दोन फ्लॅट मधली भिंत पाडून एक केले होते आणि उरलेल्या भिंतींवर जिराफ काढले होते. मी दिंडोशीला कोर्टाजवळ एका वकिलांकडे कामाला. नवऱ्याची ड्युटी शिफ्टची, सासूबाई गावी, आई पार्ल्यात भावाच्या जुळ्यांमध्ये अडकलेली. थोडक्यात, क्लबशिवाय आमचं पान हलत नव्हतं आणि हे मॅडमना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी सातच्या पुढेमागे मी पोचायचे तेव्हा लेक दाराजवळच्या लांब बाकावर बसलेली असायची. केस पाणी लावून चापूनचोपून बसवलेले, तोंडाला पावडर, पायांत बूट, पाठीला दप्तर. शेजारी आणखी काही मुलं, तीही तशीच. मी दारात दिसले रे दिसले की ती उठून माझा हात धरायची. मला त्याचं कोण कौतुक! आमच्या घरी सकाळी एका मोज्यासाठी महाभारत व्हायचं, आणि इथे ही बाई एवढ्या पोरांना असं आवरून बसवते म्हणजे काय! मी ऑफिसात चारचौघींना हे सांगून दोन नवी गिऱ्हाइकंसुद्धा मिळवून दिली होती.

मग एक दिवस कोर्टात जजसाहेब रजेवर निघाले. आमच्या सगळ्या केसेसना पुढच्या तारखा पडल्या आणि मी दुपारीच सुटले. म्हटलं, आज लेकीला जरा खेळताना बघू आणि मग दोघी मिळून पाणीपुरी खाऊ. क्लबच्या दारात पोचले तेव्हा जेमतेम पाच वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. आत बाक भरलेला.

सगळी मुलं बसली होती. पावडर लावून, बूट घालून, दप्तरं पाठीला अडकवून. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी लादी पुसत होत्या. खेळणी कपाटात, कपाटाला कडी. एका छोट्याने पाणी मागितलं तर मावशी मान वर न करता म्हणाल्या, "बाटली बॅगेत गेली ना रे? आता घरी जाऊन प्यायचं." इतकी मुलं एका खोलीत आणि पंख्याचा आवाज ऐकू येतोय, हे काही मला बरं वाटलं नाही.

"रोज एवढ्या लवकर बसवतात तुम्हाला?" मी घरी जाताना विचारलं.

"हो. तयार झाल्यावर खेळायचं नसतं," लेक म्हणाली. सिग्नल लाल असला की थांबायचं, त्या सुरात.

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"तूच म्हणतेस ना, किती शहाण्यासारखी बसते माझी बाय."

पाणीपुरीची गाडी मागे टाकून मी तशीच चालत राहिले. संताप कोणावर करावा तेच कळत नव्हतं. रोज संध्याकाळचे दोन-दोन तास माझी पोर वरातीला निघाल्यासारखी नटून नुसती बसून होती आणि मी त्या नटण्याची जाहिरात करत फिरत होते!

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गाठलं. त्यांनी मला जिराफाखाली बसवलं, पाणी दिलं.

"ॲक्च्युअली ना, हा आमचा रूटीनचा भाग आहे," त्या म्हणाल्या. "मुलांना डिसिप्लिन लागते. सिटिंग टॉलरन्स वाढतो."

"मॅडम, माझी मुलगी सकाळपासून शाळेत बसूनच असते. अजून किती वाढवायचा?"

"पेरेंट्स दमून येतात. कोणाचे बूट सापडत नाहीत, कोणाचा डबा. मग दारात गर्दी होते. आणि खरं सांगू? तुम्हीच सगळ्यात जास्त कौतुक करायच्या."

मग मावशींना विचारलं तर त्या मॅडमपेक्षा निदान सरळ होत्या. "ताई, सगळे गेल्यावर लादी पुसायला घेतली तर मी घरी कधी जाणार? पोरं मोकळी असली की पुसलेलं परत घाण. मला सांगा, मी एकटी काय काय करू?" तेही खोटं नव्हतं. एका बाईच्या गळ्यात सगळी पोरं, लादी आणि शौचालय अडकवून मॅडम आतल्या खोलीत बसून ग्रुपवर फोटो टाकणार. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

मग मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. चांगलं लांबलचक, मुद्देसूद; वकिलाकडे टायपिंग करून एवढं तर येतं. उत्तरं आली: अंगठा, अंगठा, जोडलेले हात. एका बाबांनी लिहिलं, "आमचा घरी पाच मिनिटं बसत नाही, इथे बसतो. मी तर म्हणतो झकास!" एकीने मला वेगळा मेसेज केला, "बरोबर आहे गं तुझं, पण आता पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनच्या टायमाला मॅडमशी कोण वाकडं घेणार?" नवरा म्हणाला, "सोड ना यार, मारत तर नाहीत ना?" मारत नाहीत! म्हणजे आपल्या पोराची किंमत आपण इथे आणून ठेवली. त्या रात्री मी त्याच्याशी बोललेच नाही.

आमच्या विंगमधले एक आजोबा नातवाला न्यायला यायचे. मूळचे मालवणचे. गेटपाशी मी त्यांच्याजवळ तणतणले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "गो बाय, बसलेला पोर सगळ्यांकच आवडता." आणि दुसऱ्या दिवसापासून ते दुपारचा चहा झाला की नातवाला न्यायला येऊ लागले. त्यांना ते जमणारं होतं. मला नव्हतं. दुसरीकडे चौकशी केली तर कुठे जागा नाही, कुठे शाळेची व्हॅन जात नाही.

म्हणून मी तिथेच हटून बसले. रोज लेकीला न्यायला गेले की मॅडमना तेच विचारायचे, मुलांना खेळू कधी देणार; गोड बोलून, पण सगळ्यांसमोर. दारात उभी राहून नव्या पालकांनाही सांगायचे की संध्याकाळी जरा लवकर येऊन बघा हं. शेवटी मॅडम वैतागल्या. "ठीक आहे. तुमच्या मुलीला नाही बसवणार. पण मग केस विस्कटलेले, कपडे मळलेले, अशी कम्प्लेंट मला नकोय." म्हटलं, मळू देत, लिहून देऊ का? आणखी दोन आयांनी धीर करून आपल्या मुलांसाठीही तेच मागून घेतलं. मावशींनी खेळण्यांच्या कपाटाची कडी काढली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी छाती फुगवून घरी आले.

सातला मी पोचायचे तेव्हा लेक तयारच असायची, पण तोवर खेळून झालं असेल असं मी धरून चालले होते. आठवडाभराने कामातून जरा लवकर निघता आलं. क्लबात शिरले. त्या दोन आयांची मुलं जमिनीवर ठोकळ्यांचा पूल बांधत होती. आणि माझी लेक बाकावर. पावडर लावून, बूट घालून, दप्तर पाठीला. बाकावरच्या इतर मुलांत, अगदी दाराकडच्या टोकाला.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, हे काय चाललंय? आपलं काय ठरलं होतं?"

"आईशप्पथ ताई, मी नाही बसवलं!" मावशी फडकं टाकून उठल्या. "दहादा म्हटलं, जा गं खेळ. ऐकतच नाही. पावडरपण मागून लावून घेते. विचारा तिलाच."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "का गं? खेळायला मिळतं ना आता?"

"मिळतं."

"मग?"

ती मावशींकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "जो तयार नसतो, त्याची आई तशीच निघून जाते."

मावशींनी चटकन मान खाली घातली. "अहो, ते आपलं पोरं बसावीत म्हणून म्हणते मी. सगळ्यांनाच म्हणते."

मावशींशी भांडायचं ते राहिलंच. मी लेकीचे दोन्ही हात धरले. "सोन्या, मी कधी गेलेय का तुला टाकून? एकदा तरी?"

"नाही," ती म्हणाली. मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "मी रोज तयार असते ना."

मला रडू येत होतं आणि त्या बाकावरची सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मी तिच्या बुटांचे बंद सोडले, बूट काढून ठेवले आणि तिच्या जागेवर बाकावर जाऊन बसले. म्हटलं, "आज मी बसते इथे. तू खेळून ये. मी हलत नाही."

"नक्की?"

"नक्की."

ती मोज्यांवरच गेली आणि त्या पुलापाशी बसली. एक ठोकळा ठेवला, मागे वळून बघितलं. दुसरा ठेवला, परत बघितलं. मी हात हलवत राहिले. बाहेर अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे होतो. ती हसलीसुद्धा मधे, पण दप्तर काही तिने पाठीवरून काढलं नाही.