अकरा वेळा मेलेला नट

नाटकवाला माणूस समोर आला की मी आधीच सावध होते. याला कारण आमचे बाबा. सांगलीत बँकेत नोकरी करायचे, पण जीव सगळा हौशी नाटकात. तेही नट म्हणून नव्हे, प्रॉम्प्टर म्हणून. विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवायची आणि घरी आईशी दोन शब्द बोलायला सवड नाही. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा ते तालमीला गेले होते. म्हणून जेद्दाच्या आमच्या हॉस्पिटलात माझ्या टेबलावर कागद आला, ‘वय चौऱ्याऐंशी, ब्रिटिश, निवृत्त नट, स्ट्रोकनंतर बोलण्यात अडथळा’, तेव्हा मी कपाळाला हात लावला. मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकमुळे ज्यांची वाचा गेली किंवा अडखळली, त्यांना पुन्हा बोलतं करायचं हे माझं काम. पण मुळात बोलघेवडा माणूस, त्यात नट, हा आपलं ऐकणार कसला, असं मला वाटलं.

आजोबा आले ते व्हीलचेअर नाकारून, काठी टेकत. उंच, बारीक, उजवा हात जरा लुळा आणि जेद्दाच्या त्या उन्हातही अंगात कोट. मी त्यांना पहिल्या दिवसापासून मनात आजोबाच म्हणायला लागले. मागून त्यांची मुलगी आली. पन्नाशीची, इथल्या एका इंटरनॅशनल शाळेत मुख्याध्यापिका, आणि मुख्याध्यापिका असतात तशी घाईत. आई वारलेली, वडील इंग्लंडात एकटे, त्यात स्ट्रोक. ती त्यांना व्हिजिट व्हिसावर इकडे घेऊन आली होती. दुसरं भावंड नव्हतं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे वाचायला कागद ठेवला तर त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला. ज्याने पन्नास वर्षं लोकांसमोर बोलून पोट भरलं, त्याला ‘चमचा’ हा शब्द सापडत नव्हता. मी म्हटलं, “घाबरू नका. ही परीक्षा नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर ही नुसती तालीम आहे.” आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत. ‘रिहर्सल’ म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला. खांदे सरळ झाले, त्यांनी मान डोलावली आणि कागद हातात घेतला. बाबांच्या नाटकवेडाचा आयुष्यात एकदा तरी उपयोग झाला म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

माझ्याकडे वाचनाच्या सरावासाठी सहा-सहा ओळींच्या छोट्या गोष्टी आहेत. कुणाच्या प्रतिभेचं लेणं वगैरे नाही. एक बाई बाजारात जाते, भाजी घेते, पिशवी फाटते, या धर्तीच्या. आजोबा पहिली ओळ चाचरत वाचायचे, दुसरी जरा बरी, चौथ्या-पाचव्या ओळीला चांगला सूर लागायचा. आणि सहाव्या ओळीपाशी ते थांबायचे. कागदाची घडी घालून टेबलावर ठेवायचे आणि माझ्याकडे पाहून हसायचे.

“एक ओळ राहिली,” मी म्हणायचे.

“आत्ता नाही,” ते म्हणायचे.

दमले असतील, असं समजून मी पुढच्या सरावाकडे वळायचे. रोज तेच. माझ्या रिपोर्टात मी लिहिलं, ‘परिच्छेद पूर्ण करू शकत नाहीत. शेवटाकडे लक्ष टिकत नाही.’

रमजान सुरू झाला आणि आमच्या वेळा बदलल्या. आजोबा अकरा वाजता यायचे. मी शराफिया या आपल्याकडच्या लोकांच्या वस्तीतून थर्मासमध्ये चहा घेऊन यायचे आणि बाहेर सगळ्यांचे रोजे म्हणून आम्ही दार लावून तो प्यायचो. माझं घर शराफियातच, खाली केरळी हॉटेल आणि शेजारी रत्नागिरीकडच्या एका चाचांचं किराणा दुकान. त्यांच्याकडची खारी आजोबांना इतकी आवडली की दोन दिवसांत ‘खारी’ हा शब्द त्यांना आला. ‘चमचा’ मात्र अजून अडत होता.

चहाबरोबर त्यांना बोलतं करायचं म्हणून मी त्यांच्या कामाबद्दल विचारत गेले आणि तुकड्यातुकड्यांनी त्यांचं आयुष्य माझ्या टेबलावर जमा होत गेलं. ते नावाजलेले नट नव्हते. तरुणपणी एका गावातल्या नाटक कंपनीत होते, तिथे दर सोमवारी नवं नाटक. रात्री एका नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या नाटकाची तालीम. डोक्यात एका वेळी दोन नाटकं, आणि मागच्या आठवड्याचं विसरायचं हेही एक कामच. पुढे दौरे. शनिवारी रात्री शेवटचा प्रयोग, रविवारी गाडीने दुसऱ्या गावाला. रविवारच्या त्या गाड्यांतून म्हणे दोनच गोष्टी जायच्या, नट आणि मासळी. माझं सासर रत्नागिरीचं, त्यामुळे त्या डब्याचा वास मला समजावून सांगावा लागला नाही. कुठल्या गावातली घरमालकीण प्रयोगानंतर गरम जेवण झाकून ठेवते आणि कुठली दाराला कडी लावून झोपते, यावरून हे लोक गावं लक्षात ठेवायचे.

एका बड्या नटाच्या जागी ऐनवेळी उभं राहता यावं म्हणून त्यांना दोन वर्षं राखीव ठेवलं होतं. सगळी भूमिका पाठ. रोज संध्याकाळी थिएटरवर हजर राहायचं आणि तो नट धडधाकट आलेला पाहून मागच्या खोलीत पत्ते खेळायचे.

“एकदाही आजारी पडला नाही?”

आजोबांनी बराच वेळ शब्द शोधला. “काय... तब्येत होती,” ते म्हणाले. त्यात राग शोधूनही सापडला नसता.

मग टीव्ही. तिथे ते चौदा वेळा पाद्री झाले आणि अकरा वेळा मेले. मरायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून मरावं, कॅमेरा जवळ येतो, हे त्यांनी मला कळकळीने सांगितलं. एवढ्यावर न थांबता खुर्चीत बसल्या बसल्या मरून दाखवलं. मान कलली, हात सुटला, डोळे सताड उघडे. नेमकी तेव्हाच फाईल घेऊन आत आलेली फिलिपिनो नर्स किंचाळली आणि आमच्या खोलीत चार माणसं धावत आली. आजोबा उठून उभे राहिले आणि वाकून त्यांनी सगळ्यांना अभिवादन केलं. मला हेड नर्सची बोलणी खावी लागली, पण त्या दिवशी मी घरी जाताना एकटीच हसत होते. हा माणूस मला फार आवडायला लागला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

तरीही रिपोर्टात मी तेच लिहीत राहिले. शब्द सुधारताहेत, हेही लिहीत होते, पण खाली तीच ओळ, परिच्छेद पूर्ण करू शकत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांनी माझे तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि मुलीला सांगितलं की ही नुसती वाचेची गोष्ट दिसत नाही, बुद्धीही उतरणीला लागली असावी. दिवसभर एकटं घरी ठेवण्याजोगे ते राहणार नाहीत.

मुलगी मला कॉरिडॉरमध्ये भेटली. ईदनंतर दहा दिवसांनी व्हिसा संपत होता. तो वाढवायचा की वडिलांना परत पाठवायचं, हे तिला त्याआधी ठरवायचं होतं. इंग्लंडात म्हाताऱ्या नटांसाठीच चालवलेला एक आश्रम होता, तिथे एक खोली रिकामी झाली होती आणि आश्रमवाल्यांना आठवड्याभरात उत्तर हवं होतं.

“तिथे निदान त्यांच्यातले लोक असतील,” ती म्हणाली. “मी सकाळी सहाला निघते ती पाचला येते. त्यांनी गॅस चालू ठेवला तर? दार उघडून रस्त्यावर गेले तर?” मग म्हणाली, “तुमचा रिपोर्ट वाचून मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. शेवट विसरायची त्यांना जुनी सवय आहे.”

मला तेव्हाच विचारायला हवं होतं की जुनी म्हणजे किती जुनी. विचारलं नाही. इफ्तारच्या आधी रस्ते तुंबतात, त्याआत घरी पोचायची घाई होती.

दोन दिवसांनी, सुट्टी काढून, ती सरावाला येऊन बसली. आश्रमाला हो म्हणण्याआधी तिला एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं. मी गोष्टीचा कागद काढला. दुकानदाराची गोष्ट. आजोबांनी तो घेतला, पण वाचायला सुरुवात करेनात. त्यांनी काठीने खूण करून मुलीला कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठवलं आणि समोर, बरोबर मधोमध बसवलं. मला बाजूला सरकवलं. मग कोटाची बटणं लावली, डाव्या हाताने, एकेक, आणि उभे राहिले.

दुकानदाराने सकाळी दुकान उघडलं. कुणी आलं नाही. दुपारी एक मुलगी आली आणि नुसती बघून गेली. त्याने मालावरची धूळ झटकली. संध्याकाळी त्याने दिव्याचं बटण बंद केलं. पाच ओळी झाल्या. दोनदा अडखळले, एकदा पूर्ण थांबले आणि पुन्हा शब्द पकडला. मी सवयीने पेन उचललं.

“आणि तो घरी गेला,” आजोबा म्हणाले.

ती टुकार गोष्ट मी गेली नऊ वर्षं पेशंटांना वाचायला देते आहे. तो दुकानदार घरी जातो याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, आणि उचललेलं पेन मी तसंच खाली ठेवलं. मुलगी हात मांडीवर ठेवून अगदी स्वस्थ बसली होती.

“रोज का नाही म्हटलंत?” माझा आवाज जरा चढलाच. “तीन आठवडे मी विचारते आहे.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की एवढं साधं हिला कसं ठाऊक नाही. मग सावकाश सांगितलं, शब्द गोळा करत. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणत नाहीत. कुणी म्हटलं तर नाटक पडतं. त्यांच्या पहिल्या कंपनीच्या म्हाताऱ्या मालकाने त्यांना हे शिकवलं होतं. नाटक पुरं होतं ते बघणारा माणूस आला की. तोवर शेवटच्या ओळीपाशी थांबायचं. “आणि तुम्ही... म्हणालात...” त्यांनी माझ्याकडे बोट केलं, “तालीम.”

मी म्हणाले होते. पहिल्याच दिवशी, मोठ्या ऐटीत. प्रॉम्प्टरची मुलगी मी, नाटकवाल्यांच्या समजुतींवर आयुष्यभर नाक मुरडलेली, आणि समोरचा माणूस माझा शब्द पाळतोय हे मला तीन आठवडे कळलं नाही. मी त्याला वेडा ठरवून मोकळी झाले होते.

मुलगी हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. लहानपणी ती शेजारच्या खोलीतून ऐकायची. आई हातात वही धरून समोर बसायची, वडील वाक्यं म्हणायचे आणि दर वेळी शेवटाला येऊन गप्प व्हायचे. “मला वाटायचं, माझ्या वडिलांना शेवट पाठच होत नाही. शाळेत कुणी त्यांच्याबद्दल विचारलं की मला लाज वाटायची.” प्रयोगाच्या वेळी ती झोपलेली असायची. एकदा आईने नेलं होतं, तर पहिल्याच अंकात तिला झोप लागली. अठराव्या वर्षी ती शिकायला म्हणून घराबाहेर पडली, मग शाळांतून शिकवत एकेक देश करत इथवर आली. वडिलांचं एकही नाटक तिने शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं.

मी तिला सांगितलं की रिपोर्ट चुकले आहेत, चूक माझी आहे आणि डॉक्टरांकडे मी स्वतः जाते. ती रागावली. रागवायला हवंच होतं. ज्या कागदावर माणसाला विमानात बसवायचं, तो कागद लिहिणाऱ्याने एक प्रश्न जास्त विचारू नये का, असं ती म्हणाली. मी माफी मागितली, तिचीही आणि आजोबांचीही. आजोबांनी हात हलवून ती उडवून लावली. त्याच दिवशी मी डॉक्टरांसमोर बसून तिन्ही रिपोर्ट दुरुस्त केले. त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या. वाचा अडखळते, बुद्धी शाबूत आहे, एवढं चार दिवसांत स्पष्ट झालं.

पण म्हणून प्रश्न सुटला असं नाही. ती दिवसभर शाळेत असणार होती आणि आजोबांना इथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. तपासण्यांनंतर दोघं माझ्या खोलीत आली तेव्हा तिच्या फोनवर आश्रमाचे फोटो उघडे होते. बाग, खिडक्या, हॉलमध्ये पियानो. आता तिच्या बोलण्यात भीती नव्हती, वडिलांचं भलं कशात आहे एवढंच ती शोधत होती.

“डॅडी, तुम्ही म्हणाल तसं करू,” ती म्हणाली. “इथे तुम्हाला दिवसभर माझी वाट बघत बसावं लागेल. तिथे सगळे तुमच्यासारखेच आहेत. नट, नट्या. गप्पा मारायला माणसं मिळतील.”

आजोबांनी ते फोटो एकेक करून पाहिले. पियानोच्या फोटोपाशी जरा रेंगाळले. मग बोलायला तोंड उघडलं आणि शब्द अडला. अशा वेळी पेशंटला शब्द पुरवायचा नाही, वाट बघायची, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी ओठ घट्ट मिटून बसले. मुलीनेही घाई केली नाही.

“तिथे,” ते म्हणाले, “सगळे नट.” मग पुन्हा बराच वेळ गेला. “बघणार कोण?”

मुलीने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“मी,” ती म्हणाली. “मी बघेन.”