बिनविस्तवाचं गोड

हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याची सगळी काळजी एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवायची ठरली, तर माझे साडू ती आनंदानं उचलतील आणि वर परभणीची थोडी उरली आहे का म्हणून चौकशी करतील. ते कळमनुरीला राहतात. घरची थोडी शेती आहे, साखर नाही, रक्तदाब नाही. डॉक्टर म्हणतात प्रकृती ठणठणीत आहे, आणि डॉक्टर असं का म्हणाले असतील याची साडू पुढं आठवडाभर काळजी करतात. एस.टी.त चढण्याआधी गाडीला एक फेरी घालायची, सगळ्या चाकांवर थापट्या मारायच्या आणि ड्रायव्हरला "झोप झाली ना बराबर?" असं विचारायचं, हा त्यांचा नेम. सेनगावच्या गाडीवर एकदा एक खट्याळ ड्रायव्हर भेटला. तो आपली सीट दाखवून म्हणाला, "काका, तुमीच बसा हितं. मी मागं जाऊन पडतो जरा." साडू त्या गाडीनं गेलेच नाहीत. जवळा बाजारच्या एका लग्नात वारा सुटला होता, तर मंगलाष्टकं संपेपर्यंत हे मांडवाच्या खांबाला मिठी मारून उभे. एका हातानं खांब, दुसऱ्या हातानं अक्षता. त्या लग्नाच्या फोटोंमध्ये ते तसेच आले आहेत, आणि नवरीकडच्यांना अजून वाटतं की तो मांडववाल्याचा माणूस होता. गॅस बंद केला की नाही ही शंका कुलूप लावल्यावर तुम्हाआम्हालाही येते. आपण एकदा परत जाऊन बघतो, नाहीतर देवावर हवाला ठेवतो. साडू गावाला निघाले की सिलिंडरचा रेग्युलेटरच काढून पिशवीत घालतात. आमच्याकडं हिंगोलीला आले की आधी तो रेग्युलेटर देव्हाऱ्याजवळ ठेवतात, आणि मगच पाण्याच्या तांब्याला हात लावतात.

अशा माणसाला देवानं एकच लेक दिली आणि तिला नोकरी दिली पुण्यात. सकाळी उठलीस का, जेवलीस का, रस्ता ओलांडताना दोन्हीकडं पाहिलंस का, असे फोन दिवसभर चालायचे. एका दुपारी ती मीटिंगमध्ये होती आणि तिचा फोन बंद होता. साडूंनी मिळेल ती गाडी पकडली आणि दुसऱ्या दिवशी ते तिच्या ऑफिसच्या दारात उभे! हातात तिचा शाळेतला दोन वेण्यांचा फोटो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारताहेत, "हे लेकरू कुठं दिसलं का?" ऑफिसातली पोरं खूप हसली. ती हसली नाही. "बाबा, तुमच्या काळजीनं माझा जीव गुदमरून राहिला," एवढंच म्हणून तिनं त्यांना परतीच्या गाडीत बसवून दिलं, आणि पुढच्या दोन दिवाळ्या ती घरी आली नाही. फोन करायची तो फक्त आईला. साडू शेजारी श्वास रोखून बसायचे, म्हणजे आपण ऐकतोय हे तिला कळू नये. हे मला आक्कांनी सांगितलं. आक्का म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोची थोरली बहीण. ऐकताना मला साडूंचा राग आला आणि दयाही आली.

यंदा ती गुढीपाडव्याला येते म्हणाली. आक्कांनी त्याच संध्याकाळी नवऱ्याला समोर बसवलं. "लेकरू चार दिसांसाठी येऊन राहिलं. काळजीचा एक बी सवाल विचारायचा न्हाई. विचारला, तर ती जाताना मी बी तिच्यासंगं पुण्याला जाईन." साडूंनी मान डोलावली. ही लेक पुन्हा दुखावली तर परत यायची नाही, हे त्यांनाही आक्कांइतकंच ठाऊक होतं. पण काळजी ही विहिरीच्या झऱ्यासारखी असते, एकीकडून बुजवली की दुसरीकडून फुटते. ती फुटली थेट स्वयंपाकघरात.

पोरगी आईला फोनवर कधीतरी म्हणाली होती की पुण्यात काचेच्या वाटीत थरावर थर लावलेलं रंगीत गार गोड मिळतं, ते तिला फार आवडतं. साडूंनी मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पाहिले आणि हरखून मला फोन केला. "पाव्हणे, विस्तवच लागत न्हाई. गॅस न्हाई, तेल न्हाई, भाजायची भीती न्हाई. मीच करतो." खाली बिस्किटांचा लोण्यात मळलेला चुरा, वर चक्क्याचे रंगीत थर, असा बेत ठरला. बाजारचा रंग घालायला साडूंचा जीव होईना. पण होळी नुकतीच झाली होती. आमच्याकडं होळीला लेकराबाळांच्या गळ्यात साखरेच्या गाठी घालतात. भावकीतून, शेजारून इतक्या येतात की पाडव्याला गुढीला बांधूनही डबाभर उरतात आणि पुढं वैशाखापर्यंत मुंग्या त्या खातात. त्यातल्या गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या गाठी कुटून चक्क्यात घातल्या की साखर आणि रंग एका दमात, ही अक्कल साडूंची स्वतःची. गुलाबी रंग चांगला असेल ना, या धास्तीनं त्यांनी आधी एक अख्खी गाठी स्वतः खाल्ली आणि दिवसभर आरशात जीभ पाहत बसले. संध्याकाळी मला फोन आला, "जीभ गुलाबी आहे, पण मी जिता आहे."

पाडव्याच्या आदल्या सकाळी मी आणि बायको कळमनुरीला पोचलो तेव्हा साडू खलबत्ता घेऊन ओसरीवर बसले होते. गाठी साच्यात ओततात तेव्हा मधून दोरा सोडलेला असतो, त्यावरच तिची माळ होते. साडू एकेका गाठीतून तो दोरा उपसून काढत होते, उजेडात धरून पाहत होते आणि मगच कुटत होते. असं नीट चाललेलं असताना फोन आला. पोरीच्या गाडीला उशीर आहे, ती अजून परभणीलाही पोचलेली नाही. आता उशीर का, कशानं, ड्रायव्हर कसा आहे, यातलं काही विचारायची सोय नव्हती. आक्का समोरच होत्या. सगळी धडधड साडूंनी खलबत्त्यात उतरवली. पिवळ्या गाठींचं पार पीठ केलं, चक्क्यात कालवलं, थर लावला, वर गुलाबी थर दिला. काचेचं ते भांडं खरोखर फार सुंदर दिसत होतं. ते फ्रिजमध्ये गेलं, आणि मग साडूंचा चेहरा एकदम उतरला.

"पाव्हणे," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पिवळ्या गाठीतला दोरा मी काढला का?"

मला काय ठाऊक? काढलेले दोरे खिळ्याला अडकवले होते. त्यात पिवळ्या गाठीचा एखादा होता का, ते सांगता येईना, कारण दोरे सगळे पांढरेच. साडू भांडं बाहेर काढून चमच्यानं थर चाचपायला निघाले, तेवढ्यात आक्का आल्या. दर थोड्या वेळानं दार उघडून हे बघत राहिले तर ते गोड सात जन्मांत घट्ट होणार नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं. त्यांनी फ्रिजला कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. दुपारी लाईट गेली तेव्हा साडूंनी आतला गारवा टिकावा म्हणून फ्रिजवर गोधडी पांघरली आणि कान लावून उभे राहिले. त्यांना काय ऐकू येणार होतं, देव जाणे.

पोरगी आली. वाळलेली, उन्हानं काळवंडलेली, पण हसरी. साडूंनी तिची बॅग घेतली, "ऊन लई आहे" म्हणाले आणि तोंड मिटलं. त्यांच्या ओठांशी आलेले सवाल मला दिसत होते. शेवटी त्यांनी वाट काढली. लेकीला ऐकू जाईल अशा बेतानं ते मला विचारू लागले. "पाव्हणे, पुण्यात पानी रोज येतं म्हन्तेत, व्हय का?" "पाव्हणे, गाडीवर बसताना मान्सानं हेल्मेट घालावं का न्हाई?" मी जन्मात पुण्यात राहिलो नाही, पण उत्तरं देत गेलो. आक्का प्रत्येक वेळी खोकत होत्या. पोरगी बापाकडं पाही, मग माझ्याकडं पाही, आणि उठून आत जाई. दिवस मावळेपर्यंत तिचं हसू बरंच ओसरलं होतं. मला वाटलं, हिला हेही खुपतंय. माणसानं बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत.

पाडव्याला गुढी उभी राहिली, कडुलिंबाचा प्रसाद झाला, जेवणं झाली आणि आक्कांनी कुलूप काढलं. गोड घट्ट झालं होतं. वाट्या भरल्या गेल्या. तुम्हाला सांगतो, चमच्याकडं इतक्या भीतीनं पाहणारा माणूस मी पाहिला नाही. साडूंनी स्वतःची वाटी आधी संपवली, मग माझ्या वाटीत डोकावले, मग आक्कांच्या. लेकीचा चमचा पिवळ्या थरात शिरला तसे त्यांनी दोन्ही गुडघे घट्ट धरले. जपून खा म्हणायचीही चोरी होती. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ती थांबली, तोंडात बोट घातलं आणि वीतभर दोरा ओढून काढला.

 आक्कांनी नवऱ्याकडं पाहिलं. साडूंच्या कपाळावर घाम आला होता, ओठ हलत होते, पण आवाज म्हणून नव्हता.

"बाबा, विचारा ना," पोरगी म्हणाली.

"काय?" साडू कसेबसे बोलले.

"घशात अडकला का, टोचला का, दवाखान्यात जायचं का. काहीतरी विचारा." तिनं दोरा वाटीच्या काठावर ठेवला. "काल आल्यापासून पाहून राहिले मी. काकांशी बोलता, भिंतीशी बोलता. नीट पोचलीस का, एवढं बी मला विचारलं न्हाई. मला वाटलं, तुमचं मनच उडालं माझ्यावरून."

साडूंनी आक्कांकडं पाहिलं. शाळेत पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारणारं पोरगं मास्तरांकडं पाहतं, तसं. आक्कांनी पदर डोळ्याला लावला आणि मान हलवली. मग जे सुटलं ते थांबेना. अडकला का, पाणी पी, एवढी वाळलीस काहून, खोलीच्या दाराला आतून कडी आहे का, ऑफिसातून येताना उशीर होतो तेव्हा संगं कोण असतं, ताप आला तर चहा कोण देतं. ती एकेकाचं उत्तर देत होती, रडत होती आणि मधूनमधून चमचा भरून खात होती. गोडात पुढं आणखी दोन दोरे निघाले. माझ्या बायकोला निघालेला तिनं गुपचूप ताटाखाली सरकवला.

ती निघाली त्या दिवशी स्टँडवर मी होतोच. खिडकीशी उभं राहून साडूंनी गाडी हलेपर्यंत तिला विचारून घेतलं, आणि ती जरा वैतागून, जरा हसून सांगत राहिली. गाडी परभणीच्या रस्त्याला लागली.

"झालं समाधान? सगळं विचारलंत ना?" मी म्हणालो.

"सगळं विचारलं. परत कधी येतीस, तेवढं न्हाई विचारलं."

"काहून? तेच तर पहिलं विचारायचं."

"न्हाई जमत म्हनली असती तर?" ते रस्त्याकडंच पाहत होते. "न्हाई विचारलं, म्हून वाट तरी पाहता येते."

ऊन चढत चाललं होतं.  आम्ही दोघं तिथंच थोडा वेळ उभे राहिलो.