चढावर घुसळलेलं दूध

कुसगावच्या हौशीरामचा राग म्हणजे चुलीवरचं आधण. खालचं लाकूड ओढून घेतलं तरी वर बुडबुडे चालूच. बायकोवर राग, म्हशीवर राग, आणि दोघींनीही लक्ष दिलं नाही की त्याचा आणखी वेगळा राग. पण लढाई लागायच्या आधीच्या त्या हिवाळ्यात तो जो पेटला, त्याला मात्र कारण होतं. कुणीतरी त्याच्या दुधाला खोटं म्हटलं होतं.

म्हणणारी होती अंबूबाई. तुंगार्लीच्या चढावर मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता. शेटजी उन्हाळ्यात चार दिवस यायचे. बाकी वर्षभर तिथं त्यांची आजारी आई आणि स्वयंपाकघर सांभाळणारी ही अंबूबाई. हौशीराम तिथं दुधाचा रतीब घालायचा. एका सकाळी अंबूबाईनं पातेलं थेट त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"दूध हाय, मावशी."

"आणि वर काय तरंगतंय?"

वर लोण्याचे बारीक कण होते. खालचं दूध पातळ, निळसर.

"घुसळून लोणी काढायचं आणि उरलेलं आमच्या माथी मारायचं, होय रे? आजारी माणसाच्या तोंडचं खातोस. परत असं आणलंस तर रतीब बंद, आणि का बंद केला ते सगळ्या बंगल्यांवर सांगेन."

हे ती इतक्या मोठ्यानं बोलली की कुंपणापलीकडच्या बंगल्यातली स्वयंपाकीण विठाबाई भांडी घासायची थांबली. हौशीरामनं किटली दाणकन आपटली, तिला पोचा पडला, आणि त्या पोच्याचा रागही त्यानं अंबूबाईच्या नावावर मांडला.

आता त्याच्या सायकलीचं सांगायला हवं. ती त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली, कुणा शर्यतवाल्याची. पुढचं दातेरी चाक ताटाएवढं, मागची चकती पुरीएवढी. सपाटीला एक पायडल मारलं की गाडी वाऱ्यावर. चढाला मात्र तिचा नांगर व्हायचा. मग हौशीराम सीटवरून उठून उभा राहायचा आणि अख्खं अंग या पायावरून त्या पायावर टाकत, डुलत डुलत वर जायचा. पण उतरायचा नाही. सायकल हातात धरून चालणाऱ्याला चढाखालच्या चहावाल्याकडची मंडळी "म्हैस चरायला निघाली" म्हणायची, आणि आजवर हे सगळ्यात मोठ्यानं म्हणणारा हौशीरामच होता.

घरी येऊन त्यानं आधी म्हशीला शिव्या दिल्या, मग पेंडीला, मग बायकोला, सरुबाईला. सरुबाई ताक घुसळत बसली होती. तिनं रवीची दोरी सोडली नाही.

"बाजारातल्या हॉटेलात हेच दूध देताय न्हवं? तो काय म्हन्तो?"

"कायबी न्हाई म्हनत."

"मंग?"

"मंग काय? वकिलावानी इचारू नगंस."

"हॉटेलात दूध घातलं की किटली ऱ्हाती अर्धी. अर्धी किटली घिऊन तुमी चढावर डुलताय. मी हितं काय करतीया, बगा की."

हौशीरामनं रवीकडं बघितलं. दोरी उजवीकडं, दोरी डावीकडं. कळलं त्याला सगळं, आणि कळल्यावर तर तो जास्तच भडकला. बायकोचं बरोबर निघालं की तोंड उघडायला जागाच उरत नाही.

"चढाला उतरून चालत जावा," ती म्हणाली.

"मेलो तरी न्हाई."

मग उरला लोणावळ्याच्या बाजारातला सायकलवाला नसीर.

"नसीरभाई, चढाला बसून जाता यायला पायजे. किटली हलता कामा न्हाई."

"मागची चकती मोठी घाल," नसीर म्हणाला. "पाय जास्त फिरतील, गाडी हळू जाईल, पण सीटवरून उठावं लागणार नाही."

"हळू म्हंजी किती?"

"म्हातारा देवळाला जातो तेवढी."

"दुसरं कायतरी सांग."

"दुसरं म्हणजे लोणावळा सपाट करायचा. ते काम माझ्या दुकानात होत नाही."

नसीरनं पुरी काढून भाकरी घातली, चेनला कड्या वाढवल्या. दुसऱ्या दिवशी हौशीराम चढाला लागला तो पाय गरगर फिरवत, गाडी मात्र मुंगीच्या चालीनं. चहावाल्याकडून हाक आली, "हौशा, मशीन लय पळतंय. सदरा शिवतोस का परकर?" हौशीरामनं दात खाल्ले आणि बसून राहिला. किटली हलली नाही.

अंबूबाईनं पातेल्यात डोकावून बघितलं. दूध दाट, वर काही नाही.

"बघितलंस," ती म्हणाली, "धाक दाखवला की दूध कसं सुधारतं."

दुसरा कुणी असता तर रतीब वाचला म्हणून मुकाट्यानं निघाला असता. हौशीरामचे कान लाल झाले.

"मावशी, दूध व्हतं तसंच हाय. चकती बदललीया."

"चकतीचा नि दुधाचा काय संबंध? सबबी पुरे. सुधारलास ना, झालं तर मग."

म्हणजे चोर तो चोरच, फक्त सुधारलेला. हौशीराम म्हणाला, "उद्या तुमचा माळी माझ्या गोठ्यावर पाठवा. मंग बोला."

तिथून तो थेट नसीरकडं. "जुनी चकती घाल."

"काल काढली ना? डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोक्याचं ऱ्हाऊ दे. नाव ठिकाणावर आनायचंय."

पहाटे मारुती माळी गोठ्यात येऊन बसला. त्याच्यासमोर धार काढली, किटली अर्धी भरली, आणि तोंडावर फडकं बांधून गाठ मारुतीनंच मारली. चढ लागला तसा हौशीराम उभा राहिला. आजवर डुलला नव्हता इतका डुलला. मारुती शेजारून धापा टाकत चालला होता.

"भाऊ, जरा दमानं."

"दमानं गेलो तर लोनी कुटनं यील?"

बंगल्याच्या मागच्या दारात अंबूबाईनं आपल्या हातानं गाठ सोडली. वर लोण्याचे कण, नेहमीपेक्षा मोठे.

"माज्या डोळ्यांदेखत काडलंय, बाई," मारुती म्हणाला. "वाटंत कुनी हात लावला न्हाई."

अंबूबाईनं एक कण बोटावर घेऊन चोळून बघितला. मग म्हणाली, "ती मोठी चकतीच लावून येत जा. आजींना असलं दूध चालत नाही."

"आदी म्हना, माजं दूध खरं हाय."

"खरं आहे बाबा."

"असं हळू न्हाई. त्या दिशी किती मोठ्यानं बोलला व्हता?"

अंबूबाईनं पदर खोचला, कुंपणापाशी गेली आणि हाक मारली, "विठाबाई, ऐकलंस का गं? हौशीरामच्या दुधात खोट नाही. मीच चुकीचं बोलले."

पलीकडून विठाबाईचा "बरं" आला. हौशीराम यावरही हसला नाही. रिकामी किटली अडकवून तो उतारानं सुटला आणि नसीरच्या दारात येऊन थांबला.

"काढ ही, आन् मोठी घाल," तो म्हणाला. "कोन हसतंय त्येच्याकडं मी बघतो."

नसीर पाना शोधायला लागला.